बोटभर सैनिकाच्या अंगावरची धूळ

पावणेसहा फूट उंचीचा माणूस पस्तीस पट लहान केला, की तो जेमतेम पाच सेंटिमीटरचा उरतो. त्याच्या डोळ्याची फट मग खसखशीच्या दाण्याएवढी होते. त्या फटीतलं बुबुळ मिलिमीटरचा एक तृतीयांश भाग व्यापतं आणि कोटाचं बटण अर्ध्या मिलिमीटरहून थोडंसंच मोठं असतं. एवढ्याशा जागेत माणसं नजर रंगवतात, दोन दिवसांची खुरटी दाढी रंगवतात, उन्हाने विटलेले खांदे आणि बुटांवर वाळलेला चिखल रंगवतात. उत्तम हाताखालून गेलेल्या अशा पुतळ्याचा जवळून काढलेला फोटो पाहिला, तर समोर जिवंत माणूस उभा होता की काय, असा प्रश्न पडतो.

छोटे सैनिकी पुतळे रंगवणं आणि मग ते मळवणं ही जगभर गांभीर्याने जोपासली जाणारी कला आहे. तिच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. साचा माणसाला लहान करतो; प्रकाश मात्र लहान होत नाही. हवा लहान होत नाही, धुळीचा कण लहान होत नाही, रंगाच्या थराची जाडीही लहान होत नाही. या कलेतली बहुतेक सगळी तंत्रं या अडचणीवर मात करताना सापडलेली आहेत.

संचलनापासून रणांगणापर्यंत

सैनिकांच्या छोट्या रंगीत प्रतिमा घडवण्याची ओढ फार जुनी आहे. इजिप्तमधल्या असियूत इथे मेसेहती नावाच्या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वी लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या ठेवल्या होत्या. एकीत ४० इजिप्शियन भालाईत, दुसरीत ४० न्युबियन तिरंदाज. दोन्ही तुकड्यांच्या कातडीचे रंग वेगळे आहेत आणि भालाइतांच्या ढालींवर रंगवलेले गाईच्या कातड्याचे ठिपके ढालीगणिक बदलतात. रांगेतल्या प्रत्येक सैनिकाला स्वतःचं काहीतरी द्यावं, ही बुद्धी त्या अज्ञात कारागिरालाही झाली होती.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला हिल्पर्ट घराण्याने कथलाचे चपटे सैनिक ओतायला सुरुवात केली. १८३९ मध्ये एर्न्स्ट हाइनरिक्सनने तिथेच स्वतःचा कारखाना काढला आणि हे पुतळे युरोपभर गेले. चपट्या पुतळ्याला जाडी जवळजवळ नसतेच. छातीचा भरदारपणा, बाहीची गोलाई, घोड्याच्या पोटाचा फुगार हे सगळं त्याच्यावर रंगाने आणावं लागतं. रंगवलेल्या सावलीचा धडा या कलेने इथेच गिरवला. बव्हेरियातल्या कुल्मबाख गावी प्लासेनबुर्ग किल्ल्यात अशा पुतळ्यांचं संग्रहालय आहे आणि तिथे सुमारे ३ लाख पुतळे आहेत.

१८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कनिष्ठ याने पोकळ ओतकाम शोधून काढलं. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, कडेचा थर घट्ट झाला की आतलं शिसं परत बाहेर काढायचं. पुतळा हलका झाला, धातू वाचला आणि किंमत उतरली. ब्रिटनच्या सैनिकांची ५४ मिलिमीटर ही उंची पुढे संग्राहकांचं प्रमाण माप बनली. हे सैनिक चकचकीत रंगांचे होते. लाल कोट, गुलाबी गाल, काळे कुळकुळीत बूट. सगळे जणू राणीसमोर संचलनाला निघालेले.

त्याच्याही आधी इंग्लंडमध्येच एका माणसाने सैनिक संचलनातून काढून लढाईत उभे केले होते. कॅप्टन विल्यम सायबोर्नला १८३० मध्ये वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचं काम मिळालं. त्याने रणांगणावरच्या ला हे सांत या शेतघरात आठ महिने मुक्काम करून जमिनीची मोजणी केली आणि लढाईतून परतलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून कोण कुठे उभं होतं याची माहिती गोळा केली. सरकारने मधेच पैसे थांबवले, तो कर्जात बुडाला, तरी त्याने काम सोडलं नाही. १८३८ मध्ये प्रतिकृती लंडनमध्ये लोकांसमोर आली. सुमारे ४०० चौरस फुटांच्या त्या रणांगणावर ७० हजारांहून अधिक सैनिक आहेत, प्रत्येक जण सेंटिमीटरभर उंचीचा. आज ती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिशाची जागा प्लास्टिकने घेतली. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. मोटर आणि बॅटऱ्या पोटात मावाव्यात म्हणून त्याचा जो आकार ठरला, तो मोजल्यावर मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाचा निघाला. १९६८ मध्ये तामियाची मिलिटरी मिनिएचर मालिका सुरू झाली आणि १/३५ हे प्रमाण जगभर रूढ झालं. १/७२ चे पुतळे त्याहून लहान, साधारण अडीच सेंटिमीटरचे.

याच काळात पुतळा कसा दिसावा याबद्दलची कल्पना बदलली. शिकागोच्या शेपर्ड पेन (१९४६–२०१५) यांनी पुतळे, वाहनं आणि जमीन एकत्र मांडून एखादा प्रसंग सांगायची रीत घालून दिली आणि १९८० मध्ये प्रसंगरचनेवर लिहिलेल्या पुस्तकातून ती सर्वांना शिकवली. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडन यांनी खोलगट भागात गडद पातळ रंग सोडणं आणि उंचवट्यांवर कोरडा फिकट रंग घासणं ही जोडी लोकप्रिय केली. संचलनातला चकचकीत शिपाई मागे पडला. त्याच्या जागी दमलेला, मळलेला, सिगारेट पेटवणारा, पायातला बूट काढून बसलेला माणूस आला.

उजेड हाताने रंगवायचा

खऱ्या माणसाच्या कोटाला चुण्या पडतात, त्या काही सेंटिमीटर खोल असतात. त्यांच्या तळाशी उजेड कमी पोचतो, म्हणून तिथे सावली दिसते. तीच चुणी पुतळ्यावर मिलिमीटरहून उथळ असते. खोलीतला दिवा चारी बाजूंनी तिच्यात शिरतो आणि सावली पुसून टाकतो. एकाच रंगात बुडवलेला पुतळा म्हणून सपाट आणि निर्जीव दिसतो. उपाय एकच: सूर्य डोक्यावर आहे असं धरायचं आणि त्याने जिथे ऊन-सावली पाडली असती तिथे ती आपण रंगाने पाडायची.

सुरुवात प्रायमरने होते. प्रायमरशिवाय रंग प्लास्टिकला किंवा धातूला नीट धरत नाही. बरेच जण आधी सगळ्या पुतळ्यावर काळा प्रायमर मारतात आणि मग फक्त वरच्या बाजूने पांढऱ्याचा फवारा देतात. टोपीचा माथा, खांदे, मांडीचा वरचा भाग उजळतो. हनुवटीखाली, काखेत, कोटाच्या घेराखाली काळोख राहतो. ऊन कुठे पडणार याचा नकाशाच रंगवण्याआधी तयार होतो.

त्यावर मूळ रंगाचा पहिला हात. इथे जाडीचा प्रश्न येतो. रंगाचा ०.०५ मिलिमीटरचा थर आपल्याला नगण्य वाटतो, पण १/३५ च्या हिशेबात तो पावणेदोन मिलिमीटर जाडीचा लेप होतो आणि चेहऱ्यावरचं कोरीवकाम त्याखाली गाडलं जातं. त्यामुळे रंग पाण्याने किंवा थिनरने दुधासारखा पातळ करून, एकावर एक हात देऊन चढवायचा असतो.

मग वॉश. गडद रंग अतिशय पातळ करून अंगावर सोडला, की केशाकर्षणाने तो आपोआप चुण्यांत, शिवणींत, पट्ट्यांच्या कडांशी जाऊन बसतो. त्यानंतर ड्राय ब्रश: कुंचल्यावर रंग घेऊन तो कापडावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला अंश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. कडा उजळतात. मुरलेले रंगवणारे यापुढे जाऊन पारदर्शक पातळ थरांनी सावलीपासून उजेडापर्यंतचा प्रवास पायरी-पायरीने बांधतात, इतका की पायऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत.

सावली म्हणजे काळा आणि उजेड म्हणजे पांढरा असा हिशेब केला, की रंग मरतो. खाकीच्या सावलीला गडद तपकिरी लागतो. लालाच्या सावलीला मद्यासारखा गडद तांबूस लागतो आणि लाल उजळायला नारिंगी किंवा कातडीचा रंग लागतो, कारण पांढरा मिसळला तर लाल गुलाबी होऊन बसतो. पांढऱ्या पट्ट्याची सावली निळसर करड्या रंगाची चालते.

हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. १/७२ चा पुतळा आपण तीस सेंटिमीटरवरून पाहतो, तेव्हा खरं तर साडेएकवीस मीटरवरचा माणूस पाहत असतो. दूरची वस्तू हवेतून पाहताना फिकी आणि थोडी धूसर दिसते. गणवेशाच्या कापडाशी तंतोतंत जुळवलेला रंग लहान पुतळ्यावर फार गडद वाटतो, म्हणून जाणकार तो मुद्दाम थोडा उजळ करून घेतात. काळ्याच्या जागीही बहुतेक वेळा गडद करडाच वापरतात.

चेहरा आणि कुंचला

पाहणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यावर जाते. भुवयांखाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना, खालच्या ओठाखाली आणि जबड्याखाली सावली. कपाळ, नाकाचा दांडा, गालाची हाडं आणि हनुवटी यांवर उजेड. गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर तांबूस झाक दिली की कातडीखाली रक्त आहे असं वाटतं. जबड्यावर निळसर करड्याचा अगदी पातळ थर दिला की दाढीची खुंटं दिसू लागतात. डोळ्यात शुद्ध पांढरा भरायचा नसतो; तो मळकट पांढराच हवा. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला हवा, नाहीतर सैनिक दचकल्यासारखा टक लावून बघतो. १/७२ मध्ये तर डोळा रंगवूच नये. भुवईखालची एक गडद रेघ पुरते, कारण वीस मीटरवरच्या माणसाचं बुबुळ आपल्याला दिसतच नसतं.

चेहऱ्यासाठी अनेक जण अजून तैलरंग पसंत करतात. ते सावकाश वाळतात आणि दोन छटा एकमेकींत मिसळायला वेळ देतात. हे रंग आधी थोडा वेळ पुठ्ठ्यावर काढून ठेवतात. जास्तीचं तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि वाळल्यावर चेहरा तेलकट चमकत नाही.

या कामाला मान्यता मिळालेला कुंचला सायबेरियातल्या कोलिन्स्की या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. लंडनच्या विन्सर अँड न्यूटन कंपनीने १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी केलेली 'सिरीज ७' ही कुंचल्यांची मालिका आजही पुतळे रंगवणाऱ्यांच्या टेबलावर दिसते. फार बारीक कुंचला घ्यावा असा नवख्याचा समज असतो. प्रत्यक्षात इवल्या कुंचल्यातला रंग पुतळ्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो. पोट भरलेलं आणि टोक सुईसारखं असा मध्यम कुंचला डोळ्यासाठीही उत्तम.

मळवण्याचं शास्त्र

आता पुतळा सुंदर दिसतो, पण तो अजून कुठेही गेलेला नाही. त्याला प्रवास घडवणं म्हणजे वेदरिंग, म्हणजे ऊन, पाऊस, घाम, घर्षण आणि माती यांच्या खुणा अंगावर उमटवणं.

यात क्रम पाळावा लागतो, कारण निसर्गही तो पाळतो. आधी कापड विटतं, रंगाचे पोपडे उडतात, मग त्यांत मळ साचतो, मग पावसाचे ओघळ येतात, आणि धूळ-चिखल सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या वर बसतो. रंगवणाराही त्याच क्रमाने जातो. खांदे आणि पाठीचा वरचा भाग उन्हाने फिका. गुडघे आणि कोपरं घासलेली. काडतुसांच्या पाकिटांच्या कडा झिजलेल्या. रायफलीच्या दस्त्यावर जिथे गाल आणि हात टेकतात तिथे लाकूड तेलकट गडद. शिरस्त्राणाच्या काठावर उडालेले पोपडे, आणि ते उमटवायला स्पंजाचा फाटका तुकडा कुंचल्यापेक्षा बरा, कारण त्याचा ठसा अनियमित असतो. बंदुकीच्या नळीवर पेन्सिलीचं ग्रॅफाइट बोटाने चोळलं की रंगाने न येणारी पोलादी चमक येते.

रणगाड्यासाठी केसांवर मारायचा स्प्रे वापरतात. खाली गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर वरचा ॲक्रिलिक रंग. मग ओल्या कुंचल्याने हलकेच घासलं, की मधला स्प्रे पाण्याने विरघळतो आणि वरचा रंग खऱ्यासारखा सोलून निघतो. हिवाळ्यात रणगाड्यांवर फासलेली आणि नंतर धुऊन गेलेली सफेदी याच तऱ्हेने दाखवतात.

धुळीच्या कणाचा पेच सगळ्यात मजेदार आहे. ०.२ मिलिमीटरचा वाळूचा बारीक कण १/३५ मध्ये सात मिलिमीटरची खडी होतो. म्हणून धुळीसाठी काही मायक्रॉन कणांची कोरडी रंगभुकटी लागते. तिला पिगमेंट म्हणतात. ती कुंचल्याने टेकवून थिनरच्या थेंबाने बसवतात. ओल्या चिखलासाठी तीच भुकटी चकाकणाऱ्या वार्निशमध्ये कालवतात. माती ओली झाली की गडद दिसते, कारण कणांमधल्या फटींत पाणी भरतं आणि उजेड पूर्वीइतका विखुरत नाही. त्यामुळे ओला चिखल गडद आणि चमकदार, वाळलेला फिका आणि निस्तेज, असा फरक एकाच बुटावर दाखवता येतो.

यातल्या तांबड्या-पिवळ्या भुकट्या मुळात लोहाची संयुगं असतात. सिएना, अंबर, गेरू हे मातीतून मिळणारे रंग मुख्यतः त्यांतल्या लोहामुळे रंगीत असतात, आणि लोखंडावर चढणारा गंजही लोहाचीच संयुगं. म्हणजे गंज दाखवायला रंगवणारा जे वापरतो, ते बऱ्याच अंशी गंजाच्याच कुळातलं असतं.

मातीचा पत्ता

मळवण्यात सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळीकडे एकच तपकिरी चिखल. उत्तर आफ्रिकेची धूळ फिकी, रशियातल्या शरद ऋतूतला चिखल काळपट आणि घोट्याच्या वर चढणारा. वॉटर्लूच्या शिपायाचा लाल कोट मंजिष्ठाने रंगवलेला, म्हणून विटून विटकरी होणारा. त्याच्या अधिकाऱ्याचा कोट कोचिनील किड्याच्या रंगाचा, भडक आणि टिकाऊ. जर्मन चिलखती वाहनांचा मूळ रंग फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद करड्यावरून गडद पिवळा झाला. तारीख आणि ठिकाण ठरवल्याशिवाय रंग उघडता येत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. इटलीच्या मोहिमेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात वीरमरण आलं. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी गोळीबारात जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी नेलं. रेजिमेंट एक, देश एक, अंतर नऊ महिन्यांचं. तरी या दोन प्रसंगांतले पुतळे अगदी वेगळे मळवावे लागतील. जुलैच्या प्रसंगात घामाने काळवंडलेली पाठ आणि चुण्यांत बसलेली कोरडी फिकी धूळ हवी. एप्रिलच्या प्रसंगात भिजून गडद झालेलं कापड, अंगाला चिकटलेल्या घड्या आणि बुटांवर चमकता ओला चिखल हवा. हे रंगवणाऱ्याला आधी त्या दिवसाबद्दल वाचावं लागतं. या छंदाने अनेकांना इतिहासाकडे नेलं आहे, ते असं.

म्हणूनच मळ ही सजावट नाही. ती पुराव्याची नोंद आहे. चकचकीत शिपाई युद्धाचा समारंभ दाखवतो. धुळीने माखलेला शिपाई त्याची किंमत दाखवतो, आणि ती दाखवण्याचं धैर्य या कलेने मिळवलं, ही तिची सर्वांत मोठी कमाई मला वाटते.

महाराष्ट्रात या कलेचं बीज घरोघरी आहे. दिवाळीत आपली मुलं माती-दगडांचे किल्ले बांधतात आणि त्यांवर मावळे उभे करतात. ते मावळे बाजारातून येतात तसे चकचकीतच राहतात. येत्या दिवाळीत एक करून पाहा. मुलांना मावळ्यावर पातळ तपकिरी रंगाचा वॉश सोडायला शिकवा, वाळल्यावर पागोट्याच्या पिळांवर आणि अंगरख्याच्या चुण्यांवर फिकट रंग कोरडा घासायला सांगा. मग विचारा, हा मावळा कुठून आला? महाबळेश्वर-पन्हाळ्याच्या बाजूचा असेल तर त्याच्या पायांना तांबडी माती हवी, आणि तिच्यासाठी घरातला गेरू पुरेल. देशावरून आला असेल तर काळी माती हवी. आणि तुम्ही अहिल्यानगरच्या बाजूला गेलात, तर तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम मुलांना जरूर दाखवा. जगातले अनेक खरे रणगाडे तिथे शेजारी उभे आहेत. त्यांच्या चाकांजवळ मुलांना उभं करा आणि पस्तीस पट लहान म्हणजे किती, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी मोजू द्या.